उजव्या सीटवरचा मास्तर

प्रश्न : मी गोंदिया तालुक्यातला निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. आमचं शेत बिरसी विमानतळापासून फार लांब नाही. दिवाळीनंतर धान कापायला बांधीत उतरलो की डोक्यावरून एकच छोटं विमान पुन्हा पुन्हा जाताना दिसतं. खाली येतं, धावपट्टीला टेकतं आणि न थांबता परत वर उठतं. मागे एकदा चहाच्या टपरीवर पांढऱ्या शर्टातला, खांद्यावर पट्ट्या लावलेला एक मुलगा भेटला. मला वाटलं विद्यार्थी असेल. तो म्हणाला, "मी शिकवतो, काका." वय विचारलं तर २४. एअरलाईनमध्ये जायचं तर अजून पुष्कळ पैसा लागतो, तोवर इन्स्ट्रक्टर म्हणून काम करतो, असंही त्याने सांगितलं. ज्याचं स्वतःचं शिकणं पुरं झालेलं नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचं पोर कसं देतात? आणि दुसरं, माझी पुतणी बारावी सायन्सला आहे. ती म्हणते, "काका, आधी परवाना काढते, मग इन्स्ट्रक्टर होते, त्या पगारातून पुढचं शिकते. घरच्यांना तोशीस नको." हा हिशेब बसतो का?

उत्तर : गुरुजी, पुतणी बारावीला आहे म्हणजे निर्णय दाराशी आला आहे. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तिने मांडलाय तसा हिशेब बसत नाही. पण तिने इन्स्ट्रक्टर होऊ नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. मी स्वतः एका फ्लाइंग क्लबमध्ये अडीच वर्षं शिकवलंय आणि आज एअरलाईनमध्ये कॅप्टन म्हणून जे काही मला येतं, त्यातलं निम्मं त्या अडीच वर्षांत आलेलं आहे.

आधी तुमच्या बांधीवरून जाणाऱ्या विमानाचं सांगते. त्या फेरीला आम्ही सर्किट म्हणतो. धावपट्टीवरून उठायचं, डावीकडे वळायचं, जमिनीपासून साधारण हजार फुटांवर धावपट्टीला समांतर मागे जायचं, पुन्हा दोन वळणं घ्यायची आणि उतरायचं. चाकं टेकली की तिथूनच पुन्हा इंजिनाला पूर्ण जोर देऊन वर. याला टच अँड गो म्हणतात. एक फेरी सहा-सात मिनिटांची. तासाभरात आठ-नऊ वेळा उतरण्याचा सराव होतो. तुमच्या शाळेत पाढे घोकून घ्यायचात ना, तसं हे उतरण्याचं घोकणं. डाव्या सीटवर शिकणारा असतो, उजव्या सीटवर शिकवणारा. टपरीवर भेटलेला मुलगा त्या उजव्या सीटवर बसतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही जिल्हा परिषदेत नोकरी केलीत, म्हणजे एकशिक्षकी शाळा पाहिली असेल, कदाचित चालवलीही असेल. चौथीतल्या हुशार पोराला पहिलीच्या मुलांपुढे पाटी घेऊन बसवण्याची रीत तुम्हाला नवी नाही. ते पोर चौथीच्या पुढचं काही शिकवत नव्हतं. त्याला पक्कं आलेलं तेवढंच ते शिकवत होतं, आणि मास्तरांचं त्याच्याकडे लक्ष होतं. विमान शिकवण्याची व्यवस्था जवळजवळ अशीच आहे. २४ वर्षांचा तो मुलगा एअरबस उडवायला शिकवत नाही. एका इंजिनाचं छोटं विमान सरळ कसं ठेवायचं, कसं वळवायचं, कसं उतरवायचं हे तो शिकवतो, आणि यात तो कच्चा नाही. भारतात कमर्शियल पायलटचा परवाना, म्हणजे सीपीएल, किमान २०० तास उडल्यावर मिळतो. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन उडलेले असावे लागतात. त्यानंतर शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण, वेगळी परीक्षा. नवा इन्स्ट्रक्टर सुरुवातीला सहायक म्हणून लागतो आणि अनुभवी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली काम करतो. विद्यार्थ्याला आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने उडायला सोडण्याचा निर्णय त्या नवख्याचा नसतो, वरिष्ठाचा असतो. तेव्हा दुसऱ्याचं पोर त्याच्या हाती देतात ते डोळे मिटून नव्हे.

आणि ही रीत आपल्याकडचीच नाही, जगभर आहे. इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ज्यांना मोठ्या अकादमीची फी परवडत नसे, ते तुकड्यातुकड्याने शिकत, मग एखाद्या क्लबात शिकवत आणि ७०० तास भरले की व्यावसायिक परवान्याला पात्र ठरत. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश वैमानिकांनी आपले तास असे उजव्या सीटवरच भरले. पण ही रीत सगळ्यात ठळक दिसते ती अमेरिकेत, आणि तिथली गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तुमच्या पुतणीने ऐकलेला हिशेब बहुधा तिथूनच आलेला आहे.

अमेरिकेत साधारण २५० तासांवर कमर्शियल परवाना मिळतो. पण एअरलाईनच्या विमानात को-पायलट म्हणून बसायला हवेत १,५०० तास. विमानशास्त्राची चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना १,००० वर सवलत आहे, लष्करी वैमानिकांना ७५० वर. बाकीच्यांनी २५० पासून १,५०० पर्यंतचे १,२५० तास भरायचे कसे? भाड्याने विमान घेऊन उडत राहायचं तर घर विकावं लागेल. इन्स्ट्रक्टर झालं की विद्यार्थी विमानाचं भाडं भरतो, शिकवण्याचे पैसे देतो आणि ते तास इन्स्ट्रक्टरच्याही लॉगबुकात चढतात. महिन्याला ७० तास मिळाले तर दीड वर्षात दरी ओलांडता येते. म्हणून अमेरिकेतल्या कुठल्याही फ्लाइंग स्कूलमध्ये गेलात तरी उजव्या सीटवर बहुतेक ठिकाणी विशीतला मुलगा किंवा मुलगीच दिसेल. त्यांनी हव्यासापोटी जिवाबाहेर काम करू नये म्हणून कायद्याने २४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त वेळ विमानात शिकवायला बंदी केलेली आहे.

हा १,५०० चा आकडा आला एका अपघातातून. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं विमान उतरण्याच्या बेतात असताना कोसळलं. विमानातले ४९ जण आणि ज्या घरावर ते पडलं त्या घरातला एक, असे ५० जीव गेले. विमानाचा वेग कमी होत गेला, धोक्याची सूचना म्हणून कॅप्टनच्या हातातला दांडा थरथरू लागला, आणि कॅप्टनने तो पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडलं. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तो अमलात आला. त्याआधी अमेरिकेतही २५० तासांवर को-पायलट होता येत असे.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून थांबते. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० च्या वर होते. को-पायलट मुलगी आधी इन्स्ट्रक्टर होती. आदल्या रात्री ती देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिएटलहून, मालवाहू विमानांतून प्रवास करून कामावर पोहोचली होती आणि सर्दीने बेजार होती. तासांचा आकडा तिच्यापाशी होता, झोप नव्हती. म्हणून 'इन्स्ट्रक्टर झालं, तास भरले, आता पायलट पक्का' असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. तास म्हणजे भरलेला वेळ. त्या वेळात माणूस काय करत होता, यावर सगळं आहे.

आता आपल्याकडे या. भारतात को-पायलट व्हायला १,५०० तासांची अट नाही. २०० तासांचा सीपीएल, दोन इंजिनांच्या विमानाचं आणि उपकरणांवर उडण्याचं रेटिंग, आणि मग ज्या विमानावर काम करायचं त्याचं टाईप रेटिंग, एअरबस ए-३२० चं किंवा एटीआरचं. त्यानंतर एअरलाईनच्या परीक्षा आणि मुलाखत. १,५०० तासांची अट लागते ती पुढे कॅप्टन होताना. म्हणजे अमेरिकेत इन्स्ट्रक्टरी हा बहुतेकांच्या वाटेवरचा पूल आहे. आपल्याकडे तो पूल नाही, थांबा आहे. एअरलाईनची भरती थंडावलेली असते, किंवा टाईप रेटिंगचे पैसे जमलेले नसतात, तेव्हा माणूस त्या थांब्यावर उतरतो. टपरीवरचा मुलगा तिथेच उभा आहे.

आणि आता पैसा. पुतणीला हे मन घट्ट करून सांगा. इन्स्ट्रक्टर व्हायला आधी सीपीएल हातात लागतो. सगळ्यात मोठा खर्च, तो ४० लाखांच्या पुढचा खर्च, पहिल्या पगाराच्या आधीचा आहे. त्यातला एक रुपयाही शिकवण्याच्या पगारातून निघू शकत नाही. वर इन्स्ट्रक्टरच्या रेटिंगची फी आणि तासही आधी स्वतःच्या खिशातून. समजा ४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी काढलं. वर्षाचं व्याज ४ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला ३६ हजारांच्या वर, आणि मुद्दल जागच्या जागी. नव्या सहायक इन्स्ट्रक्टरचा पगार आधी त्या व्याजाला पुरला पाहिजे, मग खोलीचं भाडं, मग डबा, आणि उरलं तर शिल्लक. टाईप रेटिंगचा खर्च पुन्हा लाखांच्या दोन आकडी रकमेत जातो.

माझं काय झालं ते सांगते. माझा पगार दोन भागांत होता, थोडा बांधलेला आणि बाकीचा उडलेल्या तासांवर. आमच्या सेसना १५२ मध्ये पॅनलवर होब्स मीटर नावाचं छोटं घड्याळ असे. इंजिन सुरू झालं की ते चालू, बंद झालं की बंद. तासाचे दहा भाग, एकेक भाग सहा मिनिटांचा. विद्यार्थ्याला उडण्याआधी फळ्यावर अर्धा तास समजावलं, उतरल्यावर पाऊण तास बसून चुका सांगितल्या, तर त्यातलं काहीही त्या घड्याळात येत नसे. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली आले की आठवडाच्या आठवडा विमान हँगरमध्ये. मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे हवा इतकी तापते की पंखांना आणि इंजिनाला जोरच येत नाही. मग पहाटे साडेपाचला धावपट्टीवर आणि दहाला खोलीवर परत. अडीच वर्षांच्या पगारातून माझं व्याज भागलं, रोजच्या खर्चासाठी घरी हात पसरावा लागला नाही आणि थोडीशी शिल्लक पडली. टाईप रेटिंगचे पैसे त्यातून उभे राहिले नाहीत. ते आईच्या मुदत ठेवी मोडून आणि मोठ्या भावाच्या नावावरच्या कर्जातून आले. 'स्वतःच्या कमाईवर पायलट झाले' असं मी कुठे म्हटलं तर ते खोटं ठरेल.

तरीही ती अडीच वर्षं मी कशाशीही बदलणार नाही, आणि का ते तुम्हा शिक्षकाला पटकन कळेल.

शिकवण्यातला एक धडा असतो स्टॉलचा. विमानाचं नाक जास्त वर उचललं आणि वेग मरू दिला की पंखांवरची हवा सुटते आणि विमान उडायचं थांबतं. सेसना १५२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. स्टॉल जवळ आला की त्या भोकातून हवा ओढली जाते आणि आतली पिपाणी वाजते. वीज नाही, तार नाही, जत्रेतल्या पिपाणीसारखीच ती वाजते. आधी बारीक, मग कळवळून ओरडल्यासारखी. मग विमान थरथरतं, नाक खाली पडतं आणि समोरच्या काचेत आभाळाऐवजी एकदम शेतं दिसतात. त्या क्षणी नव्या विद्यार्थ्याचा हात काय करतो? दांडा मागे ओढतो. जमीन अंगावर येतेय म्हटल्यावर कुणीही वर ओढेल. आणि करायचं असतं नेमकं उलट, दांडा पुढे, नाक अजून खाली, वेग येऊ द्यायचा, मग हळूच वर. हे पुस्तकात एका ओळीत आहे. पण भीतीच्या विरुद्ध हात चालवायला शिकणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या हाताला ते शिकवणं. मी हा धडा किती वेळा दिला असेल, शेकड्यांत मोजावा लागेल. प्रत्येक वेळी बाजूचा हात मागे जाताना पाहिला आणि प्रत्येक वेळी शांत आवाजात म्हटलं, "पुढे. अजून पुढे. आता." बफेलोच्या त्या रात्रीचा अहवाल वाचला तेव्हा मला त्या कॅप्टनचा हात डोळ्यांसमोर दिसला. तो हात मी माझ्या विद्यार्थ्यांच्या खांद्याखाली रोज पाहिलेला होता.

याहून अवघड आहे गप्प बसणं. सेसना १५२ मध्ये दोन माणसं बसली की खांद्याला खांदा घासतो. विद्यार्थी विमान उतरवतोय, धावपट्टी वर येतेय, त्याने नाक जरा लवकर उचललंय. मला दिसतंय की हे जड आपटणार. माझे हात मांडीवर असायचे, दांड्यापासून चार बोटं अंतरावर. लगेच हात घातला तर विमान छान उतरेल, पण त्याला काहीच कळणार नाही. फार वेळ थांबले तर पुढचं चाक मोडेल. या दोन टोकांमध्ये किती थांबायचं, हे ठरवता येणं म्हणजे इन्स्ट्रक्टर होणं. गुरुजी, फळ्यापाशी उभ्या पोराचं गणित चुकतंय हे दिसत असताना तुम्हीही असेच थांबला असाल. आज मी मोठ्या विमानाच्या डाव्या सीटवर बसते आणि शेजारी जेमतेम अडीचशे-तीनशे तासांचा को-पायलट असतो. त्याला कधी उतरवू द्यायचं, कधी बोलायचं, कधी "माझ्याकडे द्या" म्हणायचं, हे मला कुठल्याही सिम्युलेटरने शिकवलेलं नाही. ते त्या दोन सीटच्या विमानात शिकले.

आणि सोलोचा दिवस. तुम्ही शेतातून कधी पाहिलंही असेल. तीन-चार फेऱ्या झाल्यावर विमान एका बाजूला येऊन थांबतं, उजवीकडचं दार उघडतं, एक माणूस उतरतो आणि दार लावून, कडी नीट बसली का हे हाताने दाबून बघून, बाजूला होतो. मग विमान एकटंच जातं. वरिष्ठांनी होकार दिलेला असतो, सगळे धडे झालेले असतात, तरी ती सहा मिनिटं खाली उभ्या माणसाला फार लांब वाटतात. माझी पहिली विद्यार्थिनी एकटी गेली तेव्हा मी हातातल्या वॉकी-टॉकीचं बटण एकदाही दाबलं नाही. तिचा आवाज आला, "फायनल", म्हणजे उतरण्याचा शेवटचा टप्पा, आणि मग ती टेकली, माझ्यापेक्षा चांगली टेकली. त्या पोरीने त्या दिवशी माझ्या पाया पडायचं ठरवलं होतं. मी तिला उचलून धरलं आणि आम्ही दोघी हँगरच्या दारात रडलो.

पण या व्यवस्थेतला दोषही सांगते. उजव्या सीटवरच्या माणसाचं लक्ष समोरच्या विद्यार्थ्यावर नसून स्वतःच्या लॉगबुकावर असेल, तर तो विद्यार्थ्याचा पैसा आणि वेळ खातो. मी शिकत असताना माझे पहिले इन्स्ट्रक्टर सोलोच्या तोंडावर एका एअरलाईनचं पत्र आलं म्हणून दोन दिवसांत निघून गेले. मला आनंदच झाला त्यांच्यासाठी. पण नवे सर आले ते पुन्हा पहिल्या धड्यापासून, आणि त्या जास्तीच्या तासांचे पैसे माझ्या घरून गेले. एअरलाईन्सची भरती जोरात सुरू झाली की फ्लाइंग स्कूलमधले शिकवणारे असे भराभर रिकामे होतात, इथेही आणि अमेरिकेतही. ज्याला शिकवण्यात गोडी नाही, त्याने पैशांसाठी किंवा तासांसाठी या सीटवर बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डेस्कवरची दुसरी कुठलीही नोकरी करावी आणि पैसे साठवावेत. पुतणीशी बोलताना हे तिला आधी विचारा. घरात लहान भावंडाला गणित समजावताना ती चिडते की पुन्हा समजावते, यावरूनही बरंच कळतं.

अमेरिकेत जाऊन शिकून तिथेच इन्स्ट्रक्टर होण्याचे बेत अलीकडे पुण्या-नागपूरची मुलं करतात. त्यात व्हिसाची मेख आहे. फ्लाइंग स्कूलचा एम-१ व्हिसा असेल तर शिक्षण संपल्यावर प्रत्यक्ष कामाची मुभा फार तर ६ महिन्यांची मिळते. एफ-१ वर साधारण वर्षभर. एवढ्यात १,५०० तास भरणं अवघड, आणि भरले तरी तिथल्या एअरलाईनला कायम कामाचा हक्क असलेला माणूस हवा असतो. परत यायचं तर आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षा देऊन परवाना इथला करून घ्यावा लागतोच.

तर तुमच्या घरासाठी माझं म्हणणं असं. कुठल्याही अकादमीचं माहितीपत्रक उघडण्याआधी पुतणीची डीजीसीए-मान्य डॉक्टरकडे क्लास टू वैद्यकीय तपासणी करा आणि मग क्लास वन. डोळे, रंगांची ओळख, कान, हृदयाचा आलेख हे सगळं त्यात येतं. ४० लाख भरल्यावर डोळ्यांत दोष निघालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांचे चेहरेही. बारावीनंतर ती घरी बसूनच नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि नियमांच्या पेपरांची तयारी करू शकते. पेपर पास व्हायला ७० टक्के गुण लागतात, आणि ते निघाल्यावर उडायला गेलं की अकादमीतले रिकामे महिने वाचतात. तुम्ही अनुसूचित जातीत मोडत असाल तर समाजकल्याण कार्यालयात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची चौकशी करा. कमर्शियल पायलटचा अभ्यासक्रम त्यात पहिल्या गटात धरलेला आहे. शिक्षणकर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात. त्यासाठी सावकाराच्या नादी लागून धानाची बांधी मात्र अडकवू नका. आणि हिशेब मांडताना टाईप रेटिंगसकट सगळा मांडा. इन्स्ट्रक्टरचा पगार त्यात उत्पन्न म्हणून धरू नका. तो आला तर व्याजाला लावा.

अकादमी बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका, हँगरकडे जा. गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांचे २०० तास किती महिन्यांत पूर्ण झाले, आज किती विमानं उडण्याजोगी उभी आहेत आणि इन्स्ट्रक्टर किती दिवसांपासून तिथे आहेत, एवढं विचारा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल तिथे पैसे भरू नका.

टपरीवरचा तो मुलगा पुन्हा भेटला तर त्याला चहा पाजा आणि पुतणीला त्याच्याशी अर्धा तास बोलू द्या. त्याच्या महिन्याचा जमाखर्च तो सांगेल तितका खरा तुम्हाला कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. आणि तिच्या क्लास वन तपासणीचा निकाल आला की मला नक्की कळवा.